शेवट माहीत असलेला सिनेमा

१

आम्ही सिनेमाहून परत आलो तेव्हा आबांच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्यांचं करायला येणारी बयाबाई बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "वर्षा, तुझा आबा उठंना झालाय."

आबा म्हणजे माझे वडील, बाळासो. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती. डावा हात मात्र चांगला होता. तो छातीवर दुमडलेला होता आणि मी धरला तेव्हा कोपरात सरळ होईना. मी पुन्हा प्रयत्न केला, मग सोडून दिला. पंखा फिरत होता, तो बंद केला.

त्याच सकाळी माझा साखरपुडा झाला होता. कबनूरचं स्थळ, अमरसिंह, घरचे यंत्रमाग. याआधी एकदा माझं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली त्याच दिवशी आबांना झटका आला आणि ती माणसं मागे फिरली. मुलीचा पायगुण वाईट, असं त्यांनी चार ठिकाणी सांगितलं. त्यानंतर कळंब्यात आमच्या दारात बराच काळ स्थळ आलं नाही.

कृष्णात काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझ्या मागोमाग आत आले. आबांकडे बघितलं आणि बयाबाईकडे वळले.

"दुपारची गोळी दिलीस?"

"न्हाई."

"का?"

"आत जाऊ नको म्हणून सांगितलंतं मला."

"कुणी सांगितलंतं? आजाऱ्याला औषध दिऊ नको म्हणून कोण सांगल? झोपली असशील पसरून."

"डुलकी लागलीती," बयाबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

तेवढं पुरेसं झालं. काकांचा आवाज मुळात मोठा, त्यात दार उघडं. गल्ली गोळा झाली. "माझा भाऊ हिनं घालवला," असं काका प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत होते. आई भिंतीला टेकून बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. बयाबाई उठली आणि आपली पिशवी न घेताच निघून गेली. आजारी माणसांची उठबस करणं हेच तिचं काम. त्या दिवसापासून तिला कळंब्यात कुणी बोलावलं नाही.

आबांना अंघोळ घालताना काकांनी त्यांना कुशीवर वळवलं आणि मी पाणी ओतलं. पाठीवर गर्द जांभळे डाग होते. मी एका डागावर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा डाग होता तसाच होता. मग बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या. तिचे दोन्ही हात मी धरले होते, तळवे वर करून. एके ठिकाणी काच लागून रक्ताचा ठिपका आला, बाकी हात स्वच्छ होते.

मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरीला धक्का बसलाय. दात काढायला भूल दिली की आपण जिभेनं हिरडी दाबून बघतो. तसं मी पुढचे सहा-सात महिने अधूनमधून मन दाबून बघत होते. काही लागत नव्हतं.

२

तुळशीचं लग्न झाल्यावर अमरसिंह एका दुपारी सीडी घेऊन आला. बाप गेल्यावर वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकायचं असतं, म्हणून आमची तारीख डिसेंबरातली धरली होती. पत्रिका छापायला गेल्या होत्या.

"त्या दिवशीचा सिनेमा हाय," तो म्हणाला. "दुसरं काय न्हवतं दुकानात. नको असंल तर बदलून आणतो."

"असू दे. बघू."

"शेवट म्हाईत असलेला सिनेमा बघायचा म्हणजे खाल्लेल्या ताटावर परत बसायचं."

"मग तू बसू नको."

तो बसला.

गोष्ट साधी आहे. एक तरुण वनाधिकारी बायकोला घेऊन जंगलातल्या जुन्या बंगल्यात राहायला येतो. बंगल्यात एक म्हातारा खानसामा आहे. तो त्याला सांगत राहतो की इथं भूत आहे, बाईसाहेबांना जपा. दिवे विझतात, पावलं वाजतात, आपल्याला बायकोचा संशय यायला लागतो. आणि शेवटी कळतं की खानसामाच केव्हाचा मेलेला आहे. पहिल्यापासून त्याच्याशी फक्त अधिकारी बोलत होता. थिएटरात त्या क्षणी अमरसिंहच्या बहिणीनं माझ्या दंडाला नखं लावली होती.

या वेळी मला भीती वाटणार नव्हती, त्यामुळे डोळे मोकळे होते. खानसामा चहा आणतो तेव्हा बायको मान वळवून खिडकीकडे बघते. पहिल्यांदा मला ते रुसणं वाटलं होतं. व्हरांड्यात माळी त्याच्या अंगावरून जातो, वाट न मागता. बायको नवऱ्याच्या समोरचा कप उचलते, तो रिकामाच असतो. ती नवऱ्याकडे जरा जास्त वेळ बघते आणि काही न बोलता कप धुवायला नेते.

"थांबव," मी म्हणाले.

"काय झालं?"

"सगळं दाखवलंय रे. काहीच लपवलेलं नाही. आपण नुसते अधिकाऱ्याबरोबर भुताकडे बघत बसलो."

"दिग्दर्शक हुशार हाय."

"त्याची बायको बघ. ती कशाकशाला हात लावत नाही ते बघ."

अमरसिंहनं खांदे उडवले आणि शेंगदाण्याची टरफलं गोळा करून बाहेर टाकायला गेला. पडद्यावर चित्र थांबलं होतं, कप धरलेला हात. मला आबांचा हात आठवला, आणि मग पाठीवरचे डाग.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला साचतं आणि कातडीवर डाग दिसतात. सुरुवातीला दाबलं की ते फिके होतात. दाबूनही फिके न होण्याइतके ते पक्के व्हायला, ढोबळमानानं, निदान आठ तास तरी जावे लागतात. एप्रिलचा उकाडा धरला तरी त्यातून फार वजा होत नाही. आम्ही घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती आणि अंघोळ तासाभरातच घातली होती.

म्हणजे आबा दुपारच्या आधीच गेले होते. कदाचित माझ्या बोटात अंगठी जायच्याही आधी.

आणि बयाबाई त्या दिवशी घरात आली ती जेवणं उरकल्यावर.

३

बयाबाईचं घर कळंबा तलावाच्या अंगाला, वस्तीच्या शेवटी आहे. ती आता दुसऱ्यांच्या रानात भांगलायला, तण खुरपायला, जाते. मी गेले तेव्हा पाय धूत होती.

"पिशवी आणलीस व्हय माझी?" तिनं विचारलं.

मी पिशवी आणली नव्हती. मला ती आठवलीच नव्हती.

"बयाबाई, त्या दिवशी तू सकाळी आमच्याकडे का आली नाहीस? रोज पहाटे येऊन आबांचं अंग पुसायचीस की."

"आलोतो. न चुकता आलोतो. तुमच्या मागच्या दारात उभा हुतो."

"मग?"

"तुझ्या आईनं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, आज मीच पुसून घेतलंय, तू जेवणं झाल्यावर ये. मला नवल वाटलं. तुझा आबा एकटीला वळतोय व्हय? दोघी लागायच्या आमाला. पर घरात कार्य, म्हटलं घेतलं असंल कुणाला तरी हाताखाली."

"आणि दुपारी आत जाऊ नको म्हणून कोण म्हणालं?"

"धोंडुबाई. तुझी आत्ती. दाराम्होरं बस, जाग्यावरनं हलू नको, आत जाऊन उठवू नको. मी बसलो. त्यात लागला डोळा. किती येळ लागला ते देवाला ठावं." तिनं पायावरचं पाणी हातानं निपटलं. "तेवढ्यात गेला असणार तुझा आबा. गोळी तरी दिली असती."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे फक्त मृत्यूची वेळ होती, ती लपवणारा माणूस नव्हता. मी अर्धवट सांगितलं असतं आणि ती काकांसमोर जाऊन उभी राहिली असती तर त्यांनी तिला पुन्हा तुडवली असती.

"माझ्या घरची माणसं गेली तवा मी कुणाच्या दारात बोल लावायला गेलो न्हाई," बयाबाई म्हणाली. "आता मलाच कुणी दारात घेत न्हाई. पाटलांची म्हातारी पडून हाय, चार घरं सोडून. तिनं मला बोलीव म्हणून सांगितलं, तर सून म्हणती, नको, तिच्या हाताला येस न्हाई."

"मी बघते काय करायचं ते."

"तू काय बघणार? पिशवी तेवढी दे. चष्मा हाय त्यात."

सात महिने ती चष्म्याशिवाय भांगलत होती.

४

काका गोठ्यात म्हशीला खरारा करत होते. मी विचारलं की त्या सकाळी आबांच्या खोलीत कोण कोण गेलं होतं.

"का गं? आता काय त्याचं?"

"असंच."

"असंच न्हाई. तुझी असंच म्हणायची एक तऱ्हा हाय, बापासारखी." त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "मी गेलतो. पावण्यांम्होरं चार दिसाची दाढी नको म्हणून वस्तरा, वाटी, समदं घिऊन गेलतो. तुझी आई दारातच उभी. म्हणाली, रात्रभर डोळा न्हाई, आत्ता लागलाय, राहू द्या. तशीच दाढी घिऊन गेला माझा भाऊ." ते पुन्हा खरारा फिरवायला लागले. "ती बया जर जागी असती."

काका खोटं बोलत नव्हते. आबांच्या गालावर वाढलेली दाढी मीही बघितली होती. आणि भावाला मारलेलं लपवायचं असतं तर ते दाढीचं साहित्य मिरवत बसले नसते.

राहिली आत्ती. तिला मुरगूडला दिलेली. मी एसटीनं गेले. तिनं आधी मला जेवायला घातलं, मग पत्रिका कुठवर आल्या ते विचारलं.

"आत्ती, सिनेमाला निघताना मी आबांच्या पाया पडायला जात होते. तू मला अडवलंस."

"अडवणारच की. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत न्हाईत. शिकून ह्येबी इसरलीस?"

"झोपलेल्या का पडत नाहीत?"

"आडव्या माणसाच्या पाया कवा पडत्यात ते तुला..." ती थांबली. ताटातलं बोट तसंच राहिलं. "असलं काय इचारू नको जेवताना."

"आणि बयाबाईला आत जाऊ नको म्हणून तूच सांगितलंस."

"मी सांगितलं. व्हय. पर माझ्या मनानं न्हाई. वहिनी म्हणाली, वन्सं, बयाला दारात बसवा, हलू दिऊ नका. मी निरोप्या." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "त्या दिवशी समदी कामं माझ्याच गळ्यात. तुला कुंकू मी लावलं, नवऱ्या मुलाला ओवाळलं मी, विहिणीची ओटी मी भरली. तुझ्या आईचा हात भाजलावता न्हवं, आमटीचं पातेलं उतरताना. पदरात गुंडाळून हिंडत हुती."

मी जेवण संपवलं. ताट उचललं, धुतलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तिघांची उत्तरं एकाखाली एक लावली. बयाबाईला मागच्या दारातून परतवून लावलं ते आईनं. काकांना दारातून परत पाठवलं ते आईनं. आत्तीला निरोप दिला तो आईनं. आणि भाजलेला हात: दुसऱ्या कुणाला शंका आली नसती, पण त्या रात्री तिचे दोन्ही तळवे माझ्या हातात होते. काचेच्या ठिपक्याशिवाय त्यांच्यावर काही नव्हतं.

आई खोटं बोलली होती. आईनं आबांच्या खोलीत सकाळपासून कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. यातून जे पहिलं मनात येतं ते माझ्याही मनात आलं. कागल मागे गेलं तरी ते गेलं नाही.

५

पण भाजलेल्या हाताचं खोटं त्यात बसत नव्हतं. नवऱ्याला काही घातलं असेल, ते लपवायचं असेल, तर बाई खोलीला कुलूप लावेल. लेकीला कुंकू लावायचं का टाळेल? उलट पुढं होऊन लावेल, म्हणजे कुणाला काही वाटणार नाही.

दुसरं एक साधं कारण असू शकतं. पाळी आली की आमच्याकडे बायका ओटीला हात लावत नाहीत आणि घरात पावणे असले की असंच काहीतरी निमित्त सांगतात. पण मी कॉलेजात असतानाच आईची गर्भपिशवी डॉक्टरांनी काढली होती. दवाखान्यात तिच्याजवळ मीच राहिले होते. ते कारण खोडलं.

संध्याकाळी मी कबनूरला फोन केला.

"अमर, त्या दिवशी आपण सिनेमाला गेलो तेव्हा तुझी आई कुठं होती?"

"अंबाबाईला. तुझ्या काकांनी आमची जीप काढली, आमची आई, तुझी आई आन आत्ती. का?"

"माझी आई देवळात गेली?"

"हे कसं कळलं तुला?" तो हसला. "आमची आई अजून कौतुक सांगती. विहीणबाई एवढ्या साध्या, आत आल्याच न्हाईत. म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मी चपला सांभाळतो. दगडावर बसल्या बाहेर. आत्तीनं ओटी भरली देवीची. वर्षा? आहेस न्हवं?"

"आहे."

"काय झालंय?"

"उद्या सांगते."

फोन ठेवून मी जिन्याच्या पायरीवर बसले. लेकीचा साखरपुडा झालेला आहे, दार समोर उघडं आहे आणि आई अंबाबाईच्या उंबऱ्याबाहेरून परत येते. तिनं त्या दिवशी सगळ्यांना फसवलं होतं. काकांना, आत्तीला, विहिणीला, मला. देवीला फसवायची तिची छाती झाली नव्हती. आणि माझ्या कपाळाला बोट लावायची पण नाही.

सुतकात देवळात जात नाहीत. विधवेनं कुंकू लावायचं नाही, ओटी भरायची नाही. मी यातलं काही मानत नाही. आई मानते. ती त्या दिवशी सकाळपासून विधवा होती आणि हे फक्त तिला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटत नव्हती. खोलीला कुलूप लावणं सोपं होतं. मग तिनं बयाबाईला मुद्दाम बोलावून दारात का बसवलं?

६

आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि क्रमानं सगळं सांगितलं, डागांपासून चपलांपर्यंत. ती निवडत राहिली.

"तू त्यांना काही दिलंस का?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. "काय?"

"औषध. काही."

"येवढं शिकून हे इचारलंस व्हय," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पहाटं चहा घिऊन गेलो. मान कलंडलीती. चहा तसाच हातात. तुला हाक मारायला बाहीर आलो, तर तू आरशाम्होरं बसलीतीस. गजरा लावत हुतीस. मागल्या टायमाला बी असाच गजरा लावलातास, आन त्यांना झटका आला."

"म्हणून तू ठरवलंस."

"ठरवलं कुठं. दार लावलं. एक कुणी आलं, त्याला सांगितलं झोपल्यात. मग दुसरं आलं. पावणं आलं. तवा ठरल्यावानी झालं." तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला. "ह्या वक्ताला परत कळलं असतं तर तुला कुणी केली असती का? पोरीचा साखरपुडा की बाप आडवा. दोनदा."

ती म्हणत होती ते गणित बरोबर होतं.

"मग बयाबाईला का बसवलंस?"

आई पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागली, मला हे कळत नाही याचंच नवल वाटल्यासारखी.

"माझ्यामागं विहीण, देवीला चला म्हणून. मी जाणार, तुमी सिनेमाला जाणार. घरात कोण? मड्याला एकटं सोडत्यात व्हय? कुणीतरी नगं जवळ?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही, मीच उठून गॅस बारीक केला.

"काका तिला बोलत होते तेव्हा तू गप्प बसलीस."

"पावण्यांची जीप नुकतीच कबनूरला गेलीती. तोंड उघडलं असतं तर समदंच उघडलं असतं. बोल बयावर गेला म्हणून तुझ्या पायगुणावर आला न्हाई." ती खाली बघून म्हणाली. "लग्न हुंदे. अक्षता पडूंदेत. मग मी सोता जातो तिच्याकडं. पाय धरतो."

"पाटलांची म्हातारी पडून आहे," मी म्हणाले. "बयाबाईला मागतेय. सून नको म्हणते. तिच्या हाताला यश नाही म्हणून. मी जशी पायगुणाची, तशी ती हाताची."

आई तांदळात बोटं फिरवत राहिली. मग सूप बाजूला ठेवलं.

"पिशवी माळ्यावर ठिवल्या तिची," ती म्हणाली. "काढ."

७

बयाबाईनं पिशवी घेतली, चष्मा काढून पदराला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मग आईकडे बघितलं.

"बया," आई म्हणाली, "तुझा कायबी दोष न्हाई. तू बसलीस तवा ते गेलेलंच हुतं. पहाटंच. मला ठावं हुतं."

बयाबाईला ते उमगायला वेळ लागला. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, तो आला नाही.

"मी बोलत हुतो त्याच्यासंगं," ती म्हणाली. "डोळा लागायच्या आधी. दाराबाहीरनं. म्हटलं, मालक, पोरीचं झालं बघा, जावई उंचापुरा हाय. म्हटलं, आता तुमी बरं व्हायचं मनावर घ्या. झोपेत का हुईना, कानावर पडंल." ती थांबली. "मग मी कुणासंगं बोलत हुतो?"

आई तिच्या पायाकडे वाकली. बयाबाईनं पाय मागे घेतले.

"हितं नको. माझ्या दारात बघायला कोण हाय? मला शिव्या दिल्या त्या गल्लीदेखत. आता हळूच कानात येऊन सांगतीस व्हय?"

"कुठं सांगू?"

"दूध घालायची येळ झाल्या. समदी डेरीवर असतील. चल."

"लग्न हाय डिसेंबरात," आई म्हणाली. "कबनूरला कळंल."

बयाबाई चष्म्यातून दोघींकडे बघत उभी राहिली. आईनं माझ्याकडे बघितलं. मी घरातून निघायच्या आधी अमरसिंहला फोन लावला होता. त्याच्या आईनं उचलला आणि मी ठेवला होता. आता डेरीवरच्या कुणाकडून तरी त्याला कळणार होतं.

"चला," मी म्हणाले.

बयाबाई पुढं, आई मागं, त्यामागं मी. डेरीवर रांग लागली होती. काका कॅन घेऊन मधे उभे होते, पाटलांची सून होती, गल्लीतली बहुतेक सगळी होती. अमरसिंहच्या मावशीची जाऊ कळंब्यातच राहते, ती पण कडेला होती. दुधाची फॅट बघायचं मशीन गुरगुरत होतं.

"वहिनी, तुमी कशाला आला? मी घालतो की दूध," काका म्हणाले.

"कृष्णात, कॅन खाली ठिव," आई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. बयाबाईचा दोष नव्हता. मालक साखरपुड्याच्या आधीच गेलेले होते. मी लपवलं. तिला मड्याच्या राखणीला बसवलं आणि तिलाच बोल लागू दिला. एवढंच, चार वाक्यांत. काकांच्या हातून कॅनचं झाकण पडलं आणि घरंगळत गेलं, ते कुणी उचललं नाही. मावशीच्या जावेनं तोंडावर पदर धरला होता, माझ्या अंगठीकडे बघत होती. मी हात लपवला नाही. छातीत कुठंतरी बारीक दुखायला लागलं होतं, ते आबांचं होतं की अंगठीचं ते मला सांगता आलं नसतं.

मशीन बंद झालं.

"मागच्यांना ऐकू आलं न्हाई," बयाबाई म्हणाली. "परत सांग."

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला, रांगेच्या टोकाकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून परत सांगितलं.